दादाचा होकार

९ सप्टेंबर २०२५
व्हरमाँट

प्रिय दादा,
जय भीम.

उपासनाचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस, म्हणून आता पत्र. पत्र ठेवून ठेवून कुठं ठेवशील? कपाटात टाकलंस तरी कधीतरी उघडशीलच, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तू मला काय सांगितलं होतंस ते मी विसरले नाही. "प्रतिमा, तू अमेरिकेत आहेस, आत्या म्हणून तुझं ती ऐकते. पोरीला तिथून उचल आणि प्रफुल्लकडे आणून सोड." मीही मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, आठ दिवसांत आणते. प्रफुल्लनं मला अ‍ॅशबर्नहून दिवसभर ड्राइव्ह करून इथं सोडलं. वाटभर सांगत होता, "आई, तिची जुनी टीम अजून तिला घ्यायला तयार आहे. डेटा सेंटरवाल्यांना माणसं मिळून नाही राहिली." मी आपली मनातल्या मनात भाषण घोकत होते. तीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होते, भल्याभल्या पेशंटांना मुकाट गोळी गिळायला लावली, ही तर माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर.

ते आठ दिवस कधीच उलटले. मी अजून इथंच आहे.

विहार म्हणजे एक जुनं शेतातलं लाकडी घर. दोन भिक्खुणी आणि आपली उपासना. मोठ्या भिक्खुणी अमेरिकनच आहेत, ओहायोच्या, आधी कोर्टात वकिली करायच्या. त्यांना सगळे आदरानं अय्या म्हणतात. उपासनानं पांढरे कपडे घातलेत आणि डोकं पार भादरलं आहे. दादा, ते बघून मला भडभडून आलं. वहिनीसारखे केस होते रे पोरीचे. वहिनी असती तर तिनं काय केलं असतं कोण जाणे. मी रडले तर ही हसून म्हणते, "आत्या, शाम्पूचा खर्च वाचला." मग मीही हसले. भाषण राहिलं.

आणि गाव कसलं म्हणतोस? चांगली माणसं आहेत, पण धर्म म्हटलं की पाल अंगावर पडल्यासारखं करतात. मधल्या चौकात पांढरंशुभ्र चर्च आहे. आत जाऊन बघितलं तर पोरं दोऱ्या बांधून भिंतीवर चढून राहिली! जिम केली आहे त्याची. रविवारी सगळं गाव कुत्रे घेऊन डोंगरावर. कुणाशी बोलायला जावं तर नाव सांगायच्या आधी सांगतात, "मी काही मानत नाही हं." मी म्हटलं, बाई, देव तर आम्हीही मानत नाही. तर ती म्हणाली, मग ह्या मुलीनं डोकं काहून भादरलं? मी तिथून काढता पाय घेतला. उपासनाला मात्र रोज दहा जणांना उत्तर द्यावं लागतं, पोस्टात, पेट्रोल पंपावर, लायब्ररीत. कुणी विचारतं कॅन्सर झाला का, कुणी विचारतं कुठल्या पंथानं पळवून आणलं का. ती प्रत्येकाशी तितक्याच शांतपणे बोलते. मी असते तर दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी कानाखाली वाजवली असती.

आता मुद्द्याचं. कार्तिक पौर्णिमेला तिची श्रामणेरी दीक्षा, म्हणजे भिक्खुणी व्हायची पहिली पायरी, ठरली आहे. पण दीक्षेच्या आधी अय्या सगळ्यांसमोर विचारतात, आईवडिलांची परवानगी आहे का. नियमच आहे तो, बुद्धाच्या काळापासूनचा. पोरगी चौतीस वर्षांची, दोन देशांत शिकलेली, तरी बापाचा होकार पाहिजे म्हणजे पाहिजे. वहिनी नाही, म्हणजे राहिलास तू एकटा. तू हो म्हटलं नाहीस तर दीक्षा नाही.

मी तुझ्या बाजूनं आले आहे, हे लक्षात असू दे. पण तुला कळवायला तर पाहिजे.

प्रतिमा

२१ सप्टेंबर

प्रिय दादा,
जय भीम.

एक गाढवपणा केला आहे. तुला सांगितला नाही तर पोटात दुखेल.

दर गुरुवारी ह्या तिघी गावात पिंडपाताला जातात. पुढे अय्या हातात भांडं घेऊन, मागे दुसऱ्या भिक्खुणी, शेवटी उपासना झोळी घेऊन. तिला अजून भांडं नाही, दीक्षा झाल्यावर मिळेल. मागायचं नाही, बोलायचं नाही, कुणाच्या दारात घुटमळायचं नाही. फूटपाथवरून सावकाश चालायचं. कुणी थांबून काही दिलं तर घ्यायचं. गुरुवारी विहारात चूल पेटत नाही, भांड्यात येईल तेच सकाळचं जेवण. आणि बारानंतर घास नाही, उपासनालाही नाही, तिनं अष्टशील घेतलं आहे.

मी त्यांच्या मागून चालले होते, दहा पावलं लांब, जणू माझा काही संबंधच नाही. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. तुझेच शब्द कानात होते, इंजिनिअर केली ती भीक मागायला का? लोक बघायचे, मोबाइल काढायचे, रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. एका माणसानं वीस डॉलरची नोट टाकायला हात पुढे केला, तर अय्यांनी हसून भांड्यावर झाकण ठेवलं. पैसे चालत नाहीत. तो बिचारा नोट धरून तसाच उभा. मग पोलिसांची गाडी आली. कुणीतरी कळवलं होतं की बेघर बायका फिरून राहिल्या. पोलीसबाईनं उपासनाला विचारलं, राहायला जागा आहे का, कुणी त्रास देतं का. उपासनानं सगळं समजावून सांगितलं. बाई जाता जाता आपल्या डब्यातलं सफरचंद भांड्यात ठेवून गेली.

तेवढंच. एक सफरचंद. बाकी बाजारभर कुणी हात पुढे केला नाही. अकरा वाजायला आले, माझा जीव तीळतीळ तुटत होता. पोरीचं तोंड सुकलेलं. मला राहवलं नाही. कोपऱ्यावर डोना म्हणून एका म्हातारीची बेकरी आहे, तिथं शिरले आणि माझ्या सिस्टरच्या इंग्लिशमध्ये म्हटलं, "प्लीज, दीज लेडीज आर हंग्री, गिव्ह समथिंग." हात जोडले होते मी दादा. डोनानं मला खालीवर बघितलं आणि मुकाट्यानं पाव आणि सूपचा डबा पिशवीत भरून दिला. मी ती पिशवी उपासनाच्या झोळीत अशी ठेवली की जशी लढाई जिंकून आले.

विहारात आल्यावर अय्यांनी विचारलं, हे कुणी दिलं? उपासनानं एका शब्दाचाही फरक न करता सांगितलं. अय्या माझ्याकडे बघून इतकं गोड हसल्या की मला वाटलं आता शाबासकी मिळणार. म्हणाल्या, "सिस्टर, आमच्यासाठी मागून आणलेलं आम्ही खात नाही." पाव गावातल्या गरिबांच्या केंद्रावर पोचवले. तिघींनी सफरचंदाच्या फोडी वाटून खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत नुसतं पाणी.

आता तूच सांग, त्या दिवशी भीक कुणी मागितली? तुझ्या बहिणीनं. धर्मराजच्या सख्ख्या बहिणीनं, हात जोडून, परक्या मुलखात. तुझी मुलगी ताठ उभी होती.

मी तिची माफी मागायला गेले तर ती मागच्या अंगणात लाकडं फोडत होती. उपाशीपोटी! म्हणाली, "आत्या, सोड नं. तुला राहवलं नाही म्हणून गेलीस. पण मला भूक लागली तर लागू दे. त्यांनी दिलं नाही तर तेही त्यांचं स्वातंत्र्य आहे नं?" आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली. घरी असताना ही पोर पोळी गार झाली तर ताट सरकवायची, आठवतं? मला तिचा अभिमान वाटून राहिला दादा. रागावू नको, वाटतो तर काय करू.

प्रतिमा

२ ऑक्टोबर, अशोक विजयादशमी

प्रिय दादा,
जय भीम. आज दीक्षाभूमीवर गर्दी असेल. तू गेला असशील, पांढरा सदरा घालून. इथं आम्ही चौघींनी आणि गावातल्या तीन-चार जणांनी मिळून वंदना घेतली. गावातले येतात ते धर्मासाठी नाही हं, "शांत वाटतं" म्हणून येतात.

तुझा मेसेज मिळाला. दोनच ओळी, पण मी दिवसभर जेवले नाही. "आजीच्या हातातलं टोपलं मी पाहिलंय. पोरीच्या हातातलं भांडं बघायच्या आधी माझे डोळे मिटले तर बरं."

मी छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर जन्मलेली. मी काही पाहिलं नाही. तू पाच वर्षांचा होतास, आजीचा पदर धरून घरोघर भाकर मागायला जायचास. ते लोक ओट्यावर उभे राहायचे आणि वरून भाकर टाकायचे, हात लागू नये म्हणून. टोपल्याबाहेर पडली तर आजी उचलून पदरानं पुसायची. हे तू मला आयुष्यात एकदाच सांगितलंस, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, आणि परत कधी बोलला नाहीस. धम्म घेतला त्या साली आजीनं ते टोपलं चुलीत घातलं. त्यानंतर आपल्या घरात कुणी कुणापुढे हात पसरला नाही. तू अर्धपोटी शिकलास, पण पसरला नाहीस. तुझा राग खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

मी उपासनाला तुझा मेसेज दाखवला. वाटलं, आता ही आपली बाजू मांडेल, पुस्तकातलं काही सांगेल. पण तिनं मोबाइल परत दिला आणि म्हणाली, "बाबांचं बरोबर आहे. त्यांना पटवू नकोस आत्या. फक्त इथं काय होतं ते लिहीत जा." म्हणून लिहिते.

मागच्या गुरुवारी मी बेकरीसमोरून मान खाली घालून चालले होते. तेवढ्यात डोना स्वतःच बाहेर आली. सत्तरी उलटलेली बाई, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, कठड्याला धरून धरून पायऱ्या उतरली, एप्रनला पीठ तसंच. फूटपाथवर आली, अय्यांच्या समोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी भांड्यात ताजा पाव ठेवला. मग दुसऱ्या भिक्खुणीच्या. अय्या काही बोलल्या नाहीत. थँक यूसुद्धा नाही! त्यांच्यात म्हणत नाहीत. थँक यू डोना म्हणाली. आणि डोळे पुसत उभी राहिली.

मला गप्प बसवेल का? त्या पुढे गेल्यावर मी डोनाला गाठलं. म्हटलं, तू दिलंस आणि तूच आभार मानतेस, हा काय प्रकार?

ती म्हणाली, "हे बघ, मी देवबीव काही मानत नाही, आधीच सांगते. पण ह्या गावात कुणी कुणाचं काही घेत नाही. माझा नवरा गेला तेव्हा मी शेजारी केक दिला, तर दुसऱ्या दिवशी डबा भरून परत. फिटंफाट. सगळ्यांना वाटतं आपण कुणाचं देणं लागू नये. ही माणसं घेतात आणि परत काही देत नाहीत. मला किती बरं वाटलं तुला सांगू?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तू मागितलंस तेव्हा दिलं मी, पण मला बरं वाटलं नव्हतं."

मी मान डोलावली आणि त्या तिघींच्या मागं निघाले.

दादा, आजीच्या वेळी देणारा वर होता आणि आजी खाली. इथं देणारी बाई दुखऱ्या गुडघ्यांनी खाली उतरली. आजीला मागावंच लागायचं, नाही गेली तर पोरं उपाशी आणि वर गावाचा मार. उपासनाला कुणी जबरदस्ती केली? तिच्याकडे पगार होता, घर होतं, गाडी होती. आजीच्या हातातून टोपलं सुटलं म्हणूनच ही आपल्या मर्जीनं भांडं हातात घेऊ शकते, असं मला वाटतं. मी तुझ्याइतकी शिकलेली नाही. चुकत असेन तर पुढच्या मेसेजमध्ये झाड मला, पण दोन ओळींपेक्षा जास्त लिही.

प्रतिमा

१५ ऑक्टोबर

दादा,

हे कुरिअरनं पाठवते, टपालाचा भरवसा नाही आणि पौर्णिमा जवळ आली. तुझा होकार नाही, नकारही नाही. मेसेजवर निळ्या खुणा दिसतात, म्हणजे वाचतोस.

दोन गोष्टी घडल्या. पहिली सांगायची नव्हती, पण सांगते. मागच्या रविवारी प्रफुल्ल मला न्यायला आला होता. मी गेले नाही ते सोड. जेवताना तो उपासनाला म्हणाला, "यार, तू एवढं टेन्शन काहून घेतेस? मामाचं वय शहात्तर. आईवडील नसले तर परवानगी लागत नाही नं? थोडं थांब, प्रॉब्लेम सॉल्व्ह." तो वाईट पोरगा नाही दादा, बोलण्यात पोच नाही त्याच्या, तुला माहीत आहे. पण उपासना ताटावरून उठली. मी तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडताना पाहिलं. म्हणाली, "प्रफुल्लदादा, मी बाबांच्या जाण्याची वाट बघू? मग ही कसली साधना? बाबांनी शंभर वर्षं जगावं आणि शंभर वर्षं नाही म्हणावं, मी पांढऱ्या कपड्यात राहीन." प्रफुल्लनं दहादा सॉरी म्हटलं. जाताना भांडी घासून गेला, घरी कधी कपसुद्धा विसळत नाही.

दुसरी गोष्ट माझी. तिला तसं रडताना बघून मी म्हटलं, मरो तो नियम. प्रफुल्ल त्याच्या मामाचा आवाज काय हुबेहूब काढतो! त्याला फोनवर बसवू, हो म्हणेल. अय्यांना मराठी कुठं येतं? माझी तयारी पक्की होती, मी शपथेवर सांगितलं असतं की हा माझाच भाऊ. उपासना म्हणाली, "आत्या, चौथं शील. पहिल्याच दिवशी खोटं बोलून चीवर घालू?" मी म्हटलं, अगं, लहानसं खोटं. तर म्हणते, "शाळेतून येताना एकदा मी चॉकलेट खाऊन नाही म्हटलं होतं. बाबांनी मला मारलं नाही. स्वतः रात्री जेवले नाहीत. तेव्हापासून मला जमतच नाही."

हे तूच केलंस बरं का. हिला शील तू शिकवलंस, रोज पहाटे वंदनेला तू बसवलंस, बुद्धविहारात मांडीवर घेऊन तू न्यायचास. आता ती तेच घट्ट धरून बसली, तेही अशा गावात जिथं धर्माचं नाव काढलं की लोक घड्याळ बघतात. इथं तिला विचारणारा कुणी नाही, टोकणारा कुणी नाही, समाज नाही, सण नाही. नागपुरात शील पाळायला काय लागतं? सगळी गल्ली पाळते. इथं एकटीनं पाळायचं म्हणजे काय, ते मी बघून राहिले. दुपारनंतर पोटात कावळे ओरडतात आणि समोरून पिझ्झाचा वास येतो, ही हसते आणि पाणी पिते.

तू मला तिला उचलून आणायला पाठवलं होतंस. माझ्यानं ती उचलली जात नाही. मीच तिच्या बाजूनं झाले, आता लपवून काय करू. मी तुझ्याकडे पहिल्यांदाच काही मागते आहे, आणि हे मागणंच आहे, मला मागायला लाज नाही. पाच नोव्हेंबरला सकाळी दीक्षा. तुझं रात्रीचं जेवण झालेलं असेल. मी फोन लावीन. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, ती ऐकेल. पण उचल.

प्रतिमा

६ नोव्हेंबर

दादा,
जय भीम.

तू "हो" म्हणालास आणि फोन ठेवलास. त्यानंतर मी कितीदा लावला, स्विच ऑफ. म्हणून पुढचं लिहिते, तुला माहीत असायला पाहिजे.

फोन आम्ही खुर्चीवर ठेवला होता, स्पीकर लावून. खुर्चीवर मी माझी शाल घातली होती, लाकूड उघडं बरं दिसत नव्हतं. डोना आली होती, ती पोलीसबाईही आली होती, मागे भिंतीला टेकून उभी. प्रफुल्लनं सुट्टी टाकली होती. अय्यांनी विचारलं, मी मराठीत तुला सांगितलं, उपासनाच्या वडिलांची परवानगी आहे का? आणि तू गप्प. किती वेळ गप्प होतास रे! उपासना डोळे मिटून बसली होती, पण तिनं "बाबा" अशी हाकसुद्धा मारली नाही, तुझ्यावर दबाव येईल म्हणून. मग तू खोकलास. तो खोकला मी ओळखते. वहिनीला नेलं तेव्हाही तू असाच खोकत होतास, रडू दाबायला. आणि मग "हो." एवढंच. आणि फोन बंद.

तुला वाटलं असेल, होकार दिला, काम झालं. तसं नव्हतं. चीवर घेण्याआधी मुलगी आईवडिलांना शेवटचं वंदन करते. शेवटचं, कारण एकदा दीक्षा झाली की ती कुणाही गृहस्थाला वाकत नाही, बापालाही नाही. यापुढे तू भेटलास तर तुलाच तिच्यापुढे वाकावं लागेल. मी काल वाकले. ज्या पोरीला न्हाऊमाखू घातलं, तिच्यापुढे कपाळ टेकवलं, आणि मला काही जड गेलं नाही.

ती वंदनाला उठली तेव्हा मोबाइलचा पडदा काळा झाला होता. मी म्हटलं, अगं थांब, बाबांचा फोन कटला, परत लावते. तिनं नाही अशी मान हलवली. म्हणाली, "असू दे आत्या. बाबा रडत असतील, त्यांना रडू दे." आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोर गुडघे टेकून तिनं तीनदा कपाळ जमिनीला लावलं. तिसऱ्यांदा ती लवकर उठली नाही. अय्या थांबल्या. सगळे थांबले. मग ती उठली आणि चीवर घ्यायला गेली.

ते वंदन तुझं होतं दादा. तू फोन ठेवलास म्हणून तुला मिळालं नाही. मी पाहिलं, म्हणून लिहून पाठवते. घे.

प्रतिमा